कदममामांच्या दोन खिडक्या

आमच्या कचेरीतल्या कदममामांना दोन आवाज होते. एक बारीक, नाकातून येणारा, नावाच्या शेवटी किंचित वर चढणारा. दुसरा जाडाभरडा, तंबाखूने ओलसर झालेला. बारीक आवाजात ते वाचायचे, "सखाराम नामदेव, वय बेचाळीस." आणि लगेच जाड आवाजात स्वतःच उत्तर द्यायचे, "हौ, पुढं." खोलीत दुसरं कुणीही नसायचं. एकदा दाखल्यासाठी आलेला एक शेतकरी दाराबाहेर तासभर उकिडवा बसून राहिला. आत का जात नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "दुसरे साहेब बोलायलेत ना आत. त्यांचं होऊ द्या की."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. औरंगाबादहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आले होते, रोज झरीहून एसटीने परभणीला यायचे आणि आपल्याला जे येतं ते अख्ख्या जिल्ह्यात कुणाला येत नाही, अशा तोऱ्यात असायचे. नव्वदीची सुरुवात होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न अजून लोंबकळत होता आणि आमच्या कचेरीत मतदारयाद्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं होतं. जुनी, मूळ यादी वरच्या कचेरीतून फ्लॉपीवर आली होती; मी नव्या पाहणीच्या कागदांवरून नावं चढवायची आणि कदममामांनी ती मूळ यादीशी ताडून बघायची, अशी वाटणी होती. मामा मार्चअखेर निवृत्त होणार होते. साहेबांना वाटलं असावं, जाता जाता म्हाताऱ्याला थंड खोलीत बसू द्यावं. आमच्या कचेरीत गार हवा फक्त त्या यंत्राच्या नशिबात होती.

ताडून बघण्याला मामा निजामाच्या अमलातला शब्द वापरायचे. ते म्हणायचे, मुकाबला. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचं आणि जुळलं की "हौ, पुढं" म्हणायचं. म्हणजे काम दोन माणसांचं. मामांच्या जोडीला तेरा वर्षं खंदारे नावाचे कारकून होते, तो बारीक आवाज त्यांचा. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात खंदारे बदली मागून जिंतूरला गेले. तेव्हापासून चौदा वर्षं दोघांत एक शब्द झाला नव्हता, पण मामांचा मुकाबला मात्र चालूच होता. मधे साहेबांनी तीनदा नवा जोडीदार दिला, मामांनी तिघांनाही परत पाठवलं. एक म्हणे लय जल्दी वाचायचा. दुसरा वाचताना पाय हलवायचा. तिसऱ्याचं काय चुकलं ते त्या बिचाऱ्यालाही कधी कळलं नाही.

मामांचं खरं वेड बैठकीचं. टेबलावर मूळ डावीकडे, नक्कल उजवीकडे, दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत आणि मधे चार बोटं जागा. फायलीवर फाईल ठेवलेली त्यांना खपायची नाही. "पाहुण्याच्या मांडीवर पाहुणा बसवता का घरी?" असं ते साहेबांनाही विचारायचे. त्यांचं पालुपद ठरलेलं होतं, "आधी बैठक, मंग काम." शिपायाने चुकून चहाचा कप त्या चार बोटांच्या जागेत ठेवला, तर मामा चहा न पिता कपाकडे नुसते बघत राहायचे. शिपाई परत येऊन कप हलवायचा तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

आता आमच्या यंत्राची खोड सांगते. मजकूर लिहायचा, सुधारायचा जो प्रोग्राम होता, त्याला आम्ही एडिटर म्हणायचो. त्याला दोन फायली एकदम उघडायला सांगितल्या की तो पडद्याची आडवी फाळणी करायचा. पहिली फाईल वरच्या खिडकीत, दुसरी खालच्या. पहिल्या दिवशी मामांनी चपला बाहेर काढल्या, यंत्राला लांबूनच नमस्कार केला आणि पडद्याकडे बघून थबकले.

"हे वर कोण बसलंय?"

"मूळ यादी, मामा."

"आन् खाली?"

"नक्कल."

"कामून? तिनं काय पाप केलंय?"

मी म्हटलं, यंत्र असंच उघडतं. मामा म्हणाले, "यंत्राला रीत म्हाईत नसंल, तुमाला हाय ना? सांगा त्येला." मी म्हटलं, त्याला असं सांगता येत नाही. हे मी बेधडक ठोकून दिलं. सांगता येतं की नाही, ते मला ठाऊकच नव्हतं. यंत्रासोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं, पण ते उघडायचा मला कंटाळा होता.

मामा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी ते पुस्तक मागून घेतलं आणि घरी नेलं. मामांचं शिक्षण उर्दू शाळेतलं, मराठी नोकरीत पक्कं झालेलं, इंग्रजी अक्षरओळखीपुरतं. मला हसू आलं. चौथ्या दिवशी सकाळी मी आले तर आतून दोन आवाज येत होते.

"ओ, पी, ई, एन."

"हौ, पुढं."

मामांना पुस्तकात एक चित्र सापडलं होतं. एका चौकोनाच्या मधोमध उभी रेघ आणि दोन बाजूंना दोन खिडक्या. ते चित्र ज्या पानावर होतं ते अख्खं पान त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढलं होतं, तळाशी पानाचा आकडासुद्धा, आणि आता त्या नकलेचा मूळ पुस्तकाशी मुकाबला चालला होता. अक्षर अन् अक्षर. संपल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "ह्यात काय लिव्हलंय ते मला ठावं न्हाई. पर चित्रात दोघं शेजारी बसलेत, आन् नक्कल बिनचूक हाय. वाचा तुमी."

मी वाचलं. दीड ओळीची आज्ञा होती. माझी कानशिलं तापली. इतकी लाज मला नापास झाल्यावरही वाटली नसती.

खिडक्या शेजारी-शेजारी आल्या, पण सुख लागलं नाही. पडद्यावर एका ओळीत ऐंशी अक्षरं, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला चाळीसच. तेवढ्यात माणसाचं नाव मावायचं, बापाचं मावायचं, आडनाव मावायचं आणि वय काठावरून खाली पडायचं. "आक्खं गाव बिनवयाचं केलंत की बेटा," मामा म्हणाले. मग मी घरक्रमांकाचा रकाना अरुंद केला, जागा वाचवली आणि गावाला वय परत दिलं.

त्यानंतर माझ्या हातून मोठीच चूक झाली. ज्या फाईलचं नाव आधी द्याल ती डावीकडे, असा एडिटरचा नियम होता. एका सकाळी एसटी उशिरा आली, मी घाईत होते आणि नकलेचं नाव आधी दिलं. नक्कल डावीकडे जाऊन बसली. मामांनी डावीकडचं ते मूळ, असं धरून उजवीकडची यादी सुधारायला घेतली. डब्याच्या सुट्टीपर्यंत त्यांनी माझ्या सगळ्या चुका इमानेइतबारे मूळ यादीत घातल्या होत्या. माझ्याकडून निसटलेला एक पाटील गावातून नाहीसा झाला आणि मी दोनदा लिहिलेल्या एका चंद्रभागाबाईंना दोन मतं मिळाली. फ्लॉपीवर जुनी प्रत होती म्हणून निभावलं.

मामांनी मला बोल लावला नाही. डबा मात्र त्यांनी उघडला नाही. "मानसाचं तोंडच बघितलं न्हाई मी," ते म्हणाले. "खुर्ची बघूनच सलाम ठोकला."

ते मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मीच मांडीवर घेऊन बसले आणि एक छोटी आज्ञा तयार केली. तिचं नाव ठेवलं ‘मुकाबला’. हे नाव आणि पुढे गावाचं नाव दिलं की दोन फायली आपोआप उघडायच्या, मूळ कायम डावीकडे, नक्कल उजवीकडे, आणि एक खिडकी ओळभर सरकली की दुसरीही तितकीच सरकायची. मामांनी भीत भीत कळ दाबली. दोन्ही याद्या एका पावलाने वर गेल्या. त्यांनी पुन्हा दाबली. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुसतच राहिले.

"दोघं संगंच चालायलेत की," ते म्हणाले.

त्याच दुपारी वीज गेली. अंधारल्या पडद्यासमोर बसून त्यांनी आपण होऊन खंदाऱ्यांचं सांगितलं. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव बौद्धांची घरं पेटली. खंदारे बौद्ध. बोरीच्या पलीकडच्या एका गावात त्यांचं घर होतं, तेही जळालं. आठ दिवसांनी ते कचेरीत आले आणि रोजच्यासारखे मामांसमोर बसले.

"समदी कचेरी खाली मान घालून बसलेली," मामा म्हणाले. "मला इचारायचं होतं. घराचं, त्यांच्या मायचं. तिच्या हातचं जेवलेलो मी. रातभर ठरवून आलतो मी. तोंड उघडलं आन् तोंडातून निघालं, ‘कुठवर आलतो आपण?’ त्यांनी पान काढलं, वाचाय लागले. मी हौ म्हनत गेलो. पाच वाजेस्तोवर. दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज."

"मग नंतर का नाही विचारलंत?"

"आधी लाज वाटली," मामा म्हणाले. "मंग लय दिवस झाले म्हून लाज वाटली."

मी म्हटलं, निवृत्तीच्या आधी एकदा जाऊन विचारा. एकदा कचेरी सुटली की जायला निमित्त उरायचं नाही. मामा "बघू" म्हणाले. त्यांचं ‘बघू’ म्हणजे काय ते मला एव्हाना कळायला लागलं होतं. त्यानंतर मी रोज विचारायचे आणि ते रोज "बघू" म्हणायचे. मार्च सुरू झाला.

आणि मग ते गाव आलं. बोरीपलीकडचं. मामांनी त्या दिवशी कोपऱ्यातला फडका घेऊन पडदा दोनदा पुसला. मुकाबला सुरू झाला. देशमुखांची आळी झाली, मारुतीच्या देवळाकडची घरं झाली. शेवटच्या वस्तीपाशी आलो आणि उजवी खिडकी संपली. नक्कल कोरी, आणि डावीकडे नावं येतच होती. मामा बारीक आवाजात वाचत होते, "गयाबाई तुकाराम खंदारे, वय पासष्ट." जाड आवाज आलाच नाही.

यावेळी चूक माझी नव्हती. मी नव्या पाहणीच्या कागदांवरून नावं चढवली होती आणि त्या कागदांत ही वस्ती नव्हती. अशा नावांची ‘कमी केलेले’ म्हणून एक वेगळी फाईल असायची. मी ती तिसरी फाईल उघडली. एडिटरने आपल्या सवयीप्रमाणे ती पडद्याच्या तळाशी, चार ओळींच्या पट्टीत नेऊन टाकली.

"तिथं न्हाई!" मामा ओरडले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "बराबरीनं बसवा त्यांना. शेजारी."

"मामा, तीन उभ्या खिडक्या केल्या तर सव्वीस-सव्वीस अक्षरं येतील. कुणाचंच नाव पुरं दिसणार नाही."

"ज्यांची नावं लागली त्यांची कापा. ह्यांची पुरी दिसू द्या."

मी पहिल्या दोन खिडक्या आखडल्या आणि तिसरी रुंद केली. अकरा नावं होती. प्रत्येकासमोर एकच शेरा, गाव सोडून गेले.

"गलत हाय हे," मामा म्हणाले. "गेलते. दोन वर्षांनी परत आले, घरं बांधली. पाहणी करणारा वस्तीत गेलाच नसंल, चावडीवर बसून इचारलं असंल. आन् गयाबाई, खंदाऱ्यांची माय, ती तर मागच्या बाजारात बोरीला होती. वांगे इकायली होती."

"तुम्ही बोललात त्यांच्याशी?"

"न्हाई."

"वांगी घेतलीत?"

मामा पडद्याकडे बघत म्हणाले, "मानूस पाठवतो मी. दर बाजाराला. सगळे नका आनू म्हनतो, तिला संशव येईल."

साहेब म्हणाले, यादी महिनाअखेर छपाईला जाणार, त्याच्या आत वस्तीत घर असलेल्या कुणीतरी सही केलेला अर्ज आला तर नावं परत लागतील. नाहीतर पुढच्या निवडणुकीला ही अकरा माणसं मताला मुकणार. मामा म्हणाले, अर्ज टपालाने खंदाऱ्यांकडे पाठवतो. मी मात्र चिडले. त्यांच्या निम्म्याहून कमी वयाची मी, पण म्हटलं, "टपालानेच पाठवायचं असतं तर चौदा वर्षांत एक पोस्टकार्ड तरी गेलं असतं." मामांनी अर्जाची घडी घातली. मग म्हणाले, "तुमी येता का संगं?"

जिंतूरच्या गाडीत त्यांनी सारखा अर्ज उघडून बघितला. झरी गेली, बोरी गेली. मला वाटलं, हा माणूस आता अर्ज पुढे करणार, सही घेणार आणि पाठ फिरवणार.

खंदारे तिथल्या कचेरीच्या रेकॉर्डच्या खोलीत भेटले. उंच, डोक्यावरचे केस पार पांढरे. "या, बसा," म्हणाले, आणि मी चमकून मामांकडे बघितलं. त्यांचा आवाज बारीक नव्हताच. चांगला घोगरा होता. मामाही दचकले होते. चौदा वर्षं जो आवाज त्यांनी जपला होता, तो ज्याचा होता त्याच्यापाशीच आता उरला नव्हता.

"तुमच्या वस्तीतली अकरा नावं कमी झालीत," मामा एका दमात म्हणाले. "मायचंबी. सही लागती."

खंदाऱ्यांनी यादी घेतली. एकेका नावावर बोट ठेवत वाचली. "माय जिती हाय," ते म्हणाले.

"म्हाईत हाय."

"तुमाला कसं म्हाईत?" असं विचारून ते थांबले. मामांच्या तोंडाकडे बघत राहिले. "माय म्हनती, दर बाजाराला एक मानूस येतो, किडकं-बिडकं बघतच न्हाई. येडा हाय म्हनती."

मामांनी अर्ज पुढे सरकवला. खंदाऱ्यांनी सही केली, खाली तारीख घातली. काम झालं. मामा उठले, टोपी नीट केली आणि दारापर्यंत गेले. मला रडूच यायला लागलं, रागाने. पण ते वळले, परत आले आणि खुर्चीत बसले.

"खंदारे," ते म्हणाले, "घर किती जळालतं?"

खंदाऱ्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. मग खंदारे सांगू लागले, सावकाश, दारापासून आत. चौकट. ज्वारीची कणगी. थोरल्याची पुस्तकं. मायच्या लग्नातली पेटी, तिच्यातलं एकच लुगडं. आढ्याला टांगलेलं बियाणं. शेळी सुटली होती, ती तिसऱ्या दिवशी आपली आपण आली. मधे एकदा ते थांबले तेव्हा मामांनी ‘हौ, पुढं’ म्हटलं नाही, नुसते बसून राहिले. दोन गाड्या निघून गेल्या. चहा आला, तो तसाच गार झाला.

"नंतर लय जनांनी इचारलं," खंदारे शेवटी म्हणाले. "पुढारी आले, पेपरवाले आले. त्यांना सांगितलंच. पर त्या दिवशी मी तुमच्यासमोर बसून वाचायलो, आन् मनात म्हनायलो, आता इचारतील. हे पान संपलं की इचारतील. पाच वाजेपर्यंत वाट बघितली मी, कदम. मंग घरी जाऊन अर्ज लिव्हला."

मामांनी हात जोडले नाहीत, माफीही मागितली नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग विचारलं, "माय मला वळखंल का?"

"तिलाच इचारा," खंदारे म्हणाले आणि बोरीकडची गाडी किती वाजता आहे ते बघायला उठले.